शेअर, ठेव की टोकन : गावात पैसा गोळा होतो तेव्हा कोणता कायदा लागतो आणि काय तपासायचं

कापसाचा किंवा तुरीचा चुकारा खात्यात पडला की गावात कुणीतरी योजना घेऊन येतोच. कधी तो शेतकरी उत्पादक कंपनीचा शेअर असतो, कधी ‘सभासद ठेव’, कधी सागवानाच्या रोपांचं बुकिंग, आणि अलीकडे मोबाइलवरचं क्रिप्टो टोकन. नाव काहीही ठेवा, कायदा नावाकडे बघत नाही. पैसा कोणी घेतला, परत काय द्यायचं कबूल केलं आणि मधल्या काळात त्या पैशाचा कारभार कोणाच्या हातात, एवढ्यावर सगळं ठरतं. पुढची माहिती दोघांसाठी आहे. एक, पैसे देणारा कास्तकार. दुसरा, उत्पादक कंपनीचा संचालक. कारण हेतू चांगला असूनही चुकीची पावती फाडून अडचणीत येणारे संचालकच जास्त.

आधी खण ओळखा

कंपनीत मालकीचा हिस्सा मिळतो, फायदा झाला तर वाटा, नाही झाला तर काही नाही : हा शेअर. याला कंपनी कायदा २०१३ लागतो, आणि लोकांकडून उघड पैसा उभारायचा असेल तर सेबीची, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेची, परवानगी-प्रक्रिया.

ठरलेल्या मुदतीनंतर पैसे परत, वर व्याज, बोनस, वस्तू किंवा सेवा : ही ठेव. इथे राज्याचा कायदा येतो. महाराष्ट्र ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण अधिनियम १९९९, म्हणजे पोलीस ठाण्यात ज्याला सगळे ‘एमपीआयडी’ म्हणतात तो. त्याच्या जोडीला केंद्राचा २०१९ चा अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा.

सगळ्यांचे पैसे एकत्र करायचे, कंपनीने ते कशात तरी लावायचे, नफा किंवा पीक गुंतवणूकदाराला द्यायचं आणि रोजच्या कारभारात त्याला बोलायची सोय नाही : ही सामूहिक गुंतवणूक योजना. सेबी कायद्याच्या कलम ११एए मध्ये नेमक्या याच चार खुणा आहेत. त्यात आणखी एक तरतूद २०१४ मध्ये आली : नोंदणी नसलेल्या योजनेत १०० कोटी किंवा त्याहून जास्त रक्कम गोळा झाली तर ती आपोआप सामूहिक गुंतवणूक योजना मानली जाते. ‘आम्ही शेअर विकत नाही, जमीन विकतो’ हा बचाव पर्ल्स म्हणजे पीएसीएलने करून पाहिला. शेतजमिनीच्या नावाखाली गोळा झालेले ४९,१०० कोटी रुपये परत करा, असा आदेश सेबीने २२ ऑगस्ट २०१४ ला दिला.

‘तीन जण जोडा, त्यांच्या पैशातून तुम्हाला कमिशन’ असेल तर १९७८ चा प्राइज चिट आणि मनी सर्क्युलेशन बंदी कायदा. इथे परवाना मिळायची सोयच नाही, प्रकारच बेकायदा आहे.

राज्याचा कायदा कशाला लागतो, असं वकीलसुद्धा कधी कधी विचारतात. शेअर बाजार आणि रोखे (शेअर, बाँड असे गुंतवणुकीचे कागद) हा आपल्याकडे केंद्राचा विषय. महाराष्ट्राला स्वतःचा रोखे कायदा नाही. अमेरिकेत तसं नाही, तिथे केंद्राच्या आधी कॅन्सस या शेतीप्रधान राज्याने १९११ मध्येच रोख्यांची विक्री आपल्या परवानगीखाली आणली, आणि आजही तिथे प्रत्येक राज्याचा वेगळा कायदा आहे. आपल्या राज्याच्या हातात आहे तो ठेवीदारांचा कायदा, आणि तो दिसतो त्यापेक्षा दमदार आहे. त्यातली ‘ठेव’ फक्त रोख रकमेची नाही, मौल्यवान वस्तू स्वीकारली तरी ती ठेव. नॅशनल स्पॉट एक्स्चेंज या मालाच्या ऑनलाइन बाजाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये हेच धरून ठरवलं की असा बाजारसुद्धा या कायद्याखाली ‘वित्तीय आस्थापना’, म्हणजे ठेव घेणारी संस्था, ठरतो. गावातल्या गोदामावर तूर ठेवून ‘सहा महिन्यांनी वाढीव भावाने पैसे देऊ’ असं लिहून देणाऱ्याने हा निकाल वकिलाकडून समजून घ्यावा.

एक पावती जवळून

समजा एका उत्पादक कंपनीची पावती अशी आहे : ‘श्री. अमुक यांजकडून शेअर रक्कम रु. ५,००० रोख मिळाली. तीन वर्षांनी १८ टक्के दराने परत.’ खाली अध्यक्षाची सही, गोल शिक्का. फोलिओ क्रमांक नाही, शेअरची संख्या नाही.

पहिला शब्द ‘शेअर’ आहे, पण ‘तीन वर्षांनी परत’ आणि ‘१८ टक्के’ हे शेअरचं वागणं नाही. उत्पादक कंपनीत शेअरवरचा लाभांश कंपनीच्या नियमावलीत ठरलेल्या मर्यादेपर्यंतच देता येतो, तोही नफा झाल्यावर. उरलेला फायदा वाटायचा तो ज्याने जितका माल कंपनीला घातला त्या प्रमाणात, बोनस म्हणून. हमीचा दर लिहिला की कागद ठेवीकडे झुकला. ‘रोख मिळाली’ म्हणजे कंपनीच्या खात्यात गेली का, याचा पुरावा नाही. पैसा बुडाला तर ही पावती कास्तकाराच्या कामाची आहे, आणि संचालकासाठी तोच एमपीआयडीतला पुरावा : कलम ३ खाली फसवणुकीने ठेव बुडवल्यास सहा वर्षांपर्यंत कैद. २०१९ च्या कायद्यात तर पैसे बुडायची वाटही बघावी लागत नाही. अनियंत्रित ठेव नुसती स्वीकारली तरी दोन ते सात वर्षं.

उत्पादक कंपनीने भागभांडवल कसं उभारावं

कायद्याचा भाग कंपनी कायद्याच्या प्रकरण २१-क मध्ये, कलम ३७८ए पासून पुढे आहे. ११ फेब्रुवारी २०२१ पासून तो लागू झाला. पाया असा : किमान १० उत्पादक, ५ ते १५ संचालक, भांडवल फक्त समभागांचं. प्राधान्य भाग नाहीत. कंपनी खासगी धरली जाते, पण सभासदसंख्येला मर्यादा नाही. सभासद व्यक्ती असतील तर एक माणूस एक मत, शेअर १० असोत की १,०००.

म्हणून एखादा व्यापारी किंवा जिनिंगवाला ‘मी २० लाख टाकतो, ३० टक्के हिस्सा द्या’ म्हणाला तर सरळ उत्तर ‘नाही’ हेच. तो उत्पादक नसेल तर सभासदच होऊ शकत नाही. त्याचा पैसा घ्यायचा तर तो कर्ज म्हणून की मालाची आगाऊ रक्कम म्हणून, हे करारात स्पष्ट लिहा, आणि कर्ज असेल तर ते ठेवीच्या नियमात बसतं का ते आधी तपासा.

शेअर द्यायचे ठरले की क्रम हा :

१. अधिकृत भांडवल बघा. १० लाखांचं अधिकृत भांडवल असताना १२ लाखांचे शेअर वाटलेल्या कंपन्या सापडतात. वाढवायचं असेल तर सर्वसाधारण सभेचा ठराव करून एसएच-७ फॉर्म ३० दिवसांत.

२. कोणत्या कलमाखाली शेअर देणार ते कंपनी सचिवाकडून आधी ठरवून घ्या. कलम ४२ च्या खासगी वाटपाची वाट धरली तर एका आर्थिक वर्षात २०० जणांची मर्यादा येते, पीएएस-४ नमुन्यातलं देकारपत्र लागतं, रक्कम वेगळ्या बँक खात्यात ठेवावी लागते आणि जाहिरात करता येत नाही. अर्धे पैसे गोळा झाल्यावर हा प्रश्न विचारू नका. तेव्हा उत्तर महाग पडतं.

३. अर्जासोबत सातबारा किंवा उत्पादक असल्याचा दुसरा पुरावा, आधार, पॅन आणि बँक पासबुकाची प्रत. ठेक्याने किंवा बटईने वावर करणाऱ्याकडे सातबारा नसतो. त्याला काय चालेल ते संचालक मंडळाने ठरावात लिहून ठेवावं.

४. पैसे कंपनीच्या खात्यात, सभासदाच्या स्वतःच्या खात्यातून. अध्यक्षाच्या फोन-पेवर नाही. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. गावात नेटवर्क नसतं, बँक तालुक्याला असते, म्हणून ‘सध्या माझ्या नंबरवर टाका’ असं होतं, आणि वर्षअखेरीस लेखापरीक्षकासमोर तो पैसा अध्यक्षाचा की कंपनीचा हे सिद्ध करायला कोणी नसतं.

५. पैसे मिळाल्यापासून ६० दिवसांत शेअर वाटप. नाही जमलं तर पुढच्या १५ दिवसांत परत. तेही नाही केलं तर ती रक्कम नियमाप्रमाणे ठेव ठरते, आणि कलम ४२ च्या वाटेत वर १२ टक्के व्याज चढतं. ताळेबंदात ‘शेअर अर्ज रक्कम, वाटप बाकी’ हा आकडा दोन-दोन वर्षं पडून असलेला दिसला की समजा, त्या संचालकांना ते ठेव घेऊन बसलेत याची कल्पनाच नाही.

६. पीएएस-३ हे वाटपाचं विवरण ३० दिवसांत, खासगी वाटप असेल तर १५ दिवसांत. कलम ४२ च्या वाटेत हे भरेपर्यंत जमा पैशाला हात लावता येत नाही. बियाणं-खताच्या हंगामात हे फार जड जातं, म्हणून भांडवल मे महिन्याच्या तोंडावर नव्हे, फेब्रुवारी-मार्चमध्ये उभारा.

७. वाटपापासून दोन महिन्यांत शेअर प्रमाणपत्र. मुद्रांक शुल्क ०.००५ टक्के, म्हणजे १० लाखांवर ५० रुपये. रक्कम इतकी लहान की ती भरायचीच राहते.

८. सभासद झाल्यापासून तीन महिन्यांत वारसनोंद. हे कागद नंतर कोणी भरत नाही; अर्जाच्या पाठीमागेच छापून घ्या.

भांडवलाचा कागद नीट असण्याचा रोख फायदाही आहे. १०,००० उत्पादक संघटनांच्या केंद्रीय योजनेत सभासदाच्या भांडवलाइतकं अनुदान मिळतं : प्रति शेतकरी २,००० रुपयांपर्यंत आणि कंपनीला जास्तीत जास्त १५ लाख. सपाट भागात किमान ३०० सभासद लागतात. ७५० सभासदांनी प्रत्येकी २,००० भरले की १५ लाखांची मर्यादा गाठली. कंपनी या योजनेत नोंदलेली असेल आणि भांडवल कागदावर सिद्ध होत असेल, तरच.

शेअर विकण्याबद्दल : उत्पादक कंपनीचा शेअर बाजारात जात नाही. संचालक मंडळाच्या पूर्वपरवानगीने दुसऱ्या सक्रिय सभासदाला, तोही दर्शनी किमतीला, एवढीच सोय. त्यामुळे ‘आज १०० चा शेअर घ्या, उद्या लिस्टिंग झाली की १,००० चा होईल’ असं कोणी या शेअरबद्दल सांगत असेल तर तो एक तर अडाणी आहे किंवा खोटं बोलतो आहे. साध्या खासगी कंपनीच्या शेअरचं हस्तांतर एसएच-४ फॉर्मवर होतं, सही झाल्यापासून ६० दिवसांत तो कंपनीकडे पोहोचला पाहिजे, कागदी शेअरवर मुद्रांक ०.०१५ टक्के. ते इथे लावू नका.

कंपनीकडे साठलेली गंगाजळी कुठे ठेवायची हेही मोकळं नाही : मंजूर रोखे, मुदत ठेव, युनिट, सरकारी, सहकारी किंवा अनुसूचित बँकेचे बाँड. दुसऱ्या कंपनीत भांडवल घालायचं तर भरणा झालेलं भांडवल आणि मुक्त राखीव निधी यांच्या ३० टक्क्यांपर्यंत. त्यापुढे विशेष ठराव आणि केंद्राची परवानगी. क्रिप्टो यात कुठेच नाही. आणि कोणत्याही कंपनीने क्रिप्टो घेतलं तर वर्षअखेरचा नफा-तोटा, हातातला साठा आणि क्रिप्टोच्या नावाखाली लोकांकडून घेतलेली आगाऊ रक्कम ताळेबंदात दाखवावी लागते, हा नियम १ एप्रिल २०२१ पासूनचा. लपवायला जागा नाही.

टोकनचं काय

बिटकॉइनसारखी आभासी मालमत्ता घेणं-विकणं आपल्याकडे गुन्हा नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना यापासून दूर राहायला सांगणारं परिपत्रक काढलं होतं, ते सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० ला रद्द केलं. पण गुन्हा नाही म्हणजे संरक्षण आहे असं नव्हे. ती चलन नाही, सेबीच्या देखरेखीखाली नाही, बुडाली तर सेबीकडे तक्रार चालत नाही. अॅपवरच्या ‘डिजिटल गोल्ड’चंही तसंच, सेबीने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर सांगितलं की ते तिच्या नियंत्रणात नाही. सोनं डिजिटल हवंच असेल तर गोल्ड ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारात विकला जाणारा सोन्याचा फंड, आहे.

खरेदी-विक्री करणाऱ्या एक्स्चेंजवर मार्च २०२३ पासून काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धचा कायदा (पीएमएलए) लागू आहे आणि त्यांना वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे, म्हणजे एफआययूकडे, नोंदणी करावी लागते. ती नोंदणी व्यवहाराच्या नोंदी ठेवण्यासाठी आहे, चांगल्या-वाईटाचं प्रमाणपत्र नाही. जाहिरातीत मात्र ती ‘सरकारमान्य’ होते.

कर नीट समजून घ्या. नफ्यावर सरळ ३० टक्के, वर ४ टक्के उपकर. ५०,००० ला घेतलेलं ८०,००० ला विकलं तर ३०,००० वर ९,३६० रुपये. दुसऱ्या टोकनमध्ये तेवढाच तोटा असला तरी वजा होत नाही, पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे आणि बाकी कमाई काही नाही, म्हणून सूट मिळेल, हाही गैरसमज. करमुक्त मर्यादा या नफ्याला लागत नाही. शिवाय ठरलेल्या मर्यादेपुढे विक्रीच्या पूर्ण रकमेवर १ टक्का टीडीएस. वरच्या उदाहरणात तो ८०० रुपये. विवरणपत्र भरलं नाही तर तो परत मिळत नाही.

गावात येणारं टोकन बहुतेक वेळा एक्स्चेंजवरचं नसतं. व्हॉट्सअॅप गटातली लिंक असते. अॅप उघडलं की शिल्लक रोज वाढताना दिसते. पहिल्यांदा हजार-दोन हजार काढता येतात, मुद्दाम. मग मोठी रक्कम टाकली की ‘पैसे काढायला आधी १५ टक्के टॅक्स या खात्यावर भरा’. आयकर असा कोणाच्या खासगी खात्यात भरला जात नाही. टॅक्स मागितला तिथेच खेळ संपला आहे असं धरा. आणि महिन्याला ठरलेला परतावा कबूल केला की कागद टोकनचा असला तरी व्यवहार ठेवीचा. गेनबिटकॉइन नावाच्या योजनेने १८ महिने दरमहा १० टक्के कबूल केले होते. नवे पैसे येणं आटलं तेव्हा बिटकॉइनऐवजी स्वतःचं एमकॅप नावाचं टोकन हातावर ठेवलं. परतावा कबूल केलेल्या वस्तूत न देता घरच्या टोकनमध्ये देणं हीच पडझडीची पहिली खूण.

कॉलेजच्या पोरांसाठी एक वेगळा इशारा. यूएसडीटी (डॉलरच्या किमतीला बांधलेलं टोकन) विकून थोडं जास्त कमावताना समोरचा जो पैसा पाठवतो तो दुसऱ्या कोणाच्या फसवणुकीचा असू शकतो. मग परराज्यातल्या सायबर पोलिसांच्या पत्रावरून तुमचं खातं गोठतं, आणि त्याच खात्यात बापाचा पीकविमा येणार असतो. खातं ‘भाड्याने’ देणं तर त्याहून वाईट. तिथे तुम्ही साक्षीदार नाही, आरोपी होता.

पैसे द्यायच्या आधी

कंपनीचं नाव आणि सीआयएन, म्हणजे कंपनीचा नोंदणी क्रमांक, मागा, कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर टाका. स्थापनेची तारीख, भरणा भांडवल, शेवटचा ताळेबंद कधी भरला, एवढं फुकट दिसतं. सीआयएन, जीएसटी, उद्यम यांपैकी कोणतीच नोंदणी लोकांकडून पैसे घ्यायची परवानगी देत नाही. फ्रेम करून भिंतीवर लावलेली असली तरी नाही. ‘रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली’ म्हणाले तर विचारा, ठेव घेण्याची परवानगी आहे का. बहुतेक वित्त कंपन्यांना ती नसते. सचेत या पोर्टलवर हे तपासता येतं. शेअर दलाल किंवा म्युच्युअल फंडाला पैसे पाठवताना सेबीच्या ‘सेबी चेक’ सोयीवर यूपीआय आयडी आणि खातं पडताळा. पतसंस्था आणि निधी कंपनी फक्त सभासदांकडून ठेव घेऊ शकते, आणि बँकेच्या ठेवीवर असतो तो पाच लाखांचा विमा तिथे नसतो.

पैसे अडकल्यावर

अॅपचा किंवा यूपीआयचा मामला असेल तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक हाताशी ठेवा. जितक्या लवकर फोन, तितका पैसा मधल्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त. एक रात्र गेली तरी तो चार खात्यांपुढे गेलेला असतो. सेबीकडे नोंदलेल्या संस्थेची तक्रार स्कोअर्स पोर्टलवर, तिला २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

ठेव योजनेची तक्रार पोलीस ठाण्यात किंवा जिल्ह्याच्या आर्थिक गुन्हे शाखेत, आणि अर्जात एमपीआयडीचं कलम ३ नाव घेऊन लिहा. साध्या फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला तर आरोपी पकडला जाईल, पण त्याची मालमत्ता ठेवीदारांसाठी जप्त करायची वाट एमपीआयडीतूनच नीट उघडते : शासन जप्तीचा आदेश काढतं, उपजिल्हाधिकारी दर्जाच्या खालचा नसलेला सक्षम प्राधिकारी मालमत्ता ताब्यात घेतो, विशेष न्यायालय ती कायम करतं आणि मग विक्रीतून वाटप. याला वर्षं लागतात. म्हणून गावातल्या दहा जणांनी दहा वेगळे अर्ज देण्यापेक्षा एकत्र तक्ता करा : नाव, तारीख, रक्कम, पावती क्रमांक, पैसे कसे दिले, एजंट कोण.

या काळात कंपनीचा माणूस घरी येतो. ‘जुनी पावती द्या, वाढीव मुदतीचा नवा बाँड घ्या’ म्हणतो. मूळ पावती देऊ नका, सक्षम प्राधिकाऱ्याकडे दावा करताना तीच लागते. धनादेश दिला तर तो तीन महिन्यांच्या आत भरा. वटला नाही तर बँकेचा शेरा हातात आल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, नोटीस मिळाल्यावर त्याला १५ दिवस, आणि ते संपल्यावर एका महिन्यात न्यायालयात तक्रार. नोटीस स्पीड पोस्टानेच पाठवा आणि पोस्टाची पावती मूळ ठेव पावतीलाच टाचून ठेवा.